शिंगं होती, सुळे होते, पण डायनोसॉर नव्हता: एस्टेमेनोसुकसविषयी

प्रश्न थोडक्यात असा होता: एस्टेमेनोसुकस नावाच्या प्राण्याचं चित्र पाहण्यात आलं. धिप्पाड अंग, तोंडातून डोकावणारे सुळे, कपाळावर आणि गालांवर शिंगं. दिसायला थेट डायनोसॉरचा भाऊबंद, पण चित्राखाली 'सस्तन प्राण्यांचा नातेवाईक' असं लिहिलेलं. हे नातं कुठून जुळवलं? तो आपला पूर्वज होता का? शिंगं कशाला होती? आणि काही चित्रांत अंगावर केस असतात, काहींत गुळगुळीत कातडी, त्यातलं खरं काय?

आधी उत्तरं देतो, मग कारणं. तो डायनोसॉर नाही, डायनोसॉरशी त्याचं जवळचं नातंही नाही. आपला थेट पूर्वजही नाही, चुलत घराण्यातला आहे. शिंगं शत्रूपेक्षा स्वतःच्या जातभाईंसाठी होती असं माझं मत आहे, आणि खरी गंमत याच प्रश्नात असल्यामुळे त्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे. केसांचा पुरावा या प्राण्यात नाही. कातडीचा आहे, पण तो जपून वापरावा लागतो.

नात्यापासून सुरुवात करू. इतकी जुनी कवटी समोर आली की आमच्या कामातली, म्हणजे जीवाश्म अभ्यासणारी माणसं शिंगांकडे किंवा दातांकडे नंतर वळतात, आधी डोळ्याच्या खोबणीमागे बघतात. तिथे हाडात भोक किती, हा पहिला प्रश्न. डायनोसॉर, मगरी, पक्षी या सगळ्यांच्या घराण्यात मुळात प्रत्येक बाजूला दोन भोकं असतात, एक वर आणि एक खाली. एस्टेमेनोसुकसमध्ये प्रत्येक बाजूला एकच आहे. तुमच्याआमच्यातही एकच आहे. कानशिलावर दोन बोटं ठेवा आणि दात घट्ट आवळा. बोटांखाली जो स्नायू फुगतो तो तिथून खाली, गालाच्या कमानीच्या आतून, जबड्यापर्यंत जातो. त्या कमानीच्या आतली मोकळी जागा म्हणजेच ते जुनं भोक, आता खूप रुंदावलेलं. ही एका भोकाची ठेवण असलेल्या सगळ्या घराण्याला सिनॅप्सिड म्हणतात. आज त्यातले फक्त सस्तन प्राणी उरले आहेत.

सिनॅप्सिड आणि सरीसृपांची शाखा ३१ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. एस्टेमेनोसुकस सुमारे २६.७ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे पर्मियन कालखंडाच्या मधल्या भागातला. पहिले डायनोसॉर त्यानंतर तीन कोटींहून अधिक वर्षांनी आले. त्यामुळे तो डायनोसॉरांच्या काळात जगलाही नाही. खेळण्यांच्या पाकिटात तो त्यांच्याबरोबर कोंबलेला असतो, पाठीवर शीड असलेल्या डायमेट्रोडॉनचीही तीच गत. दोघेही सिनॅप्सिड. फरक इतकाच की डायमेट्रोडॉन त्या घराण्याच्या जुन्या थरातला आणि एस्टेमेनोसुकस पुढच्या, थेरॅप्सिड नावाच्या थरातला, म्हणजे आपल्या एक पायरी जवळचा.

एक पायरी म्हणजे फार नव्हे. सस्तन प्राण्याची जी पक्की खूण आम्ही धरतो, ती त्याच्यात नाही. आपला खालचा जबडा एकाच हाडाचा असतो. त्याच्या जबड्यात अनेक हाडं होती आणि मागच्या टोकाची दोन छोटी हाडं, एक वरच्या बाजूचं आणि एक खालच्या, मिळून जबड्याचा सांधा बनत होता. हीच दोन हाडं पुढे लहान होत होत आपल्या मधल्या कानात गेली. ऐरण आणि हातोडी म्हणून शाळेत शिकलेली ती हीच. हे पहिल्यांदा जीवाश्मांतून कळलं नाही. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल रायखर्ट यांनी १८३७ मध्ये डुकराच्या गर्भांत ही हाडं कशी घडतात ते पाहून तसा निष्कर्ष काढला होता. जीवाश्मांनी मधल्या पायऱ्या नंतर दाखवल्या. एस्टेमेनोसुकस त्या जिन्यावर बराच खाली उभा आहे: सांधा जुना, कान जुना, दात मात्र कामं वाटून घेऊ लागलेले.

आता तो सापडला कुठे. रशियात, उरल पर्वताच्या पश्चिमेला पेर्म नावाचं शहर आहे. ब्रिटिश भूवैज्ञानिक रॉडरिक मर्चिसन यांनी त्या भागात फिरून १८४१ मध्ये एका अख्ख्या कालखंडाला त्याचं नाव दिलं, म्हणून पर्मियन. या प्रदेशातल्या वालुकाश्मात तांबं आहे. तिथल्या खाणींतून खडक फोडताना मजुरांना हाडं सापडत, आणि हौशी अधिकारी ती जपून ठेवत. त्यातलंच दंडाच्या हाडाचं एक मोडकं टोक स्तेपान कुतोर्गा यांनी १८३८ मध्ये वर्णन केलं, ब्रिथोपस या नावानं, आणि ते सस्तन प्राण्याचं असावं असं ठरवलं. इतक्या जुन्या खडकात सस्तन प्राणी असणं शक्य नव्हतं. पण नुसत्या एका तुकड्यावरून त्या माणसाच्या नजरेला जे जाणवलं त्यात तथ्य होतं, कारण ते हाड निघालं एस्टेमेनोसुकसच्याच विस्तृत गटातलं, डायनोसेफॅलियातलं. पूर्ण सांगाडे हाताशी असताना याहून मोठ्या चुका झालेल्या आहेत.

एस्टेमेनोसुकस मात्र खाणीतला नाही. पेर्म प्रदेशातच ओच्योर गावाजवळ येझोवो नावाचं ठिकाण आहे. तिथे १९५० च्या दशकाच्या अखेरीस प्योत्र चुदिनोव यांच्या नेतृत्वाखाली मोठं उत्खनन झालं. चुदिनोव हे इव्हान येफ्रेमोव यांच्या तालमीतले. येफ्रेमोव वाचकांना विज्ञानकथाकार म्हणून ठाऊक असतात, पण तांब्याच्या वालुकाश्मातल्या प्राण्यांवर त्यांचं काम पायाभूत आहे, आणि हाडं मरणानंतर कशी वाहतात, कुठे साचतात, कशी गाडली जातात याच्या अभ्यासाला स्वतंत्र शाखेचं रूप त्यांनीच दिलं. येझोवो म्हणजे त्या शाखेसाठी आयतं उदाहरण. हाडं एकेकटी विखुरलेली नाहीत, पुराच्या पाण्यानं आणून टाकलेल्या गाळात ढिगानं आहेत. एकाच जागी एस्टेमेनोसुकसचे अनेक प्राणी, आणि त्यांच्याबरोबर मांसाहारी बायर्मोसुकस आणि त्याहून मोठा इओटायटॅनोसुकस. हा मोठा म्हणजे बायर्मोसुकसच पूर्ण वाढलेला, असंही काहींचं मत आहे.

अशा ढिगाऱ्यावरून एक मोह हटकून होतो: इतके एकत्र सापडले म्हणजे कळपानं राहत होते. हा निष्कर्ष मी लगेच मान्य करत नाही. पूर वेगवेगळ्या ठिकाणचे मृतदेह एका वळणावर आणून सोडतो. मांसाहारी आणि त्यांचं भक्ष्य एकाच ढिगात आहेत, यावरूनच दिसतं की ती जागा सगळ्यांच्या मृतदेहांची झाली होती. कळपाची शक्यता मी नाकारत नाही, पण ती ढिगाऱ्यावरून सिद्ध होत नाही. ती सिद्ध करायची तर डोक्याकडे बघावं लागतं.

चुदिनोव यांनी १९६० मध्ये एस्टेमेनोसुकस युरालेन्सिसचं वर्णन केलं. नावातच मुकुट घातलेली मगर आहे, मगरीशी मात्र संबंध नाही. हा मोठा, कवटी ६५ सेंटिमीटरच्या आसपास, अंगाची लांबी तीन मीटरहून जास्त. १९६८ मध्ये दुसरी जात आली, एस्टेमेनोसुकस मिराबिलिस, आणि तिच्या कपाळावरची शिंगं फांद्या फुटल्यासारखी, अनेक टोकांची.

युरालेन्सिसची कवटी समोरून पाहिली तर पहिल्यांदा उंचीपेक्षा रुंदी जाणवते. गालाची हाडं दोन्ही बाजूंना फाकून जाड गोळे होऊन बाहेर आली आहेत. ती खाली-बाहेर रोखलेली शिंगंच म्हणा. कपाळाच्या हाडांतून दोन शिंगं वर जातात. आता वरून बघा: माथ्याच्या मधोमध एक गोल छिद्र, मेंदूच्या वरच्या भागातल्या प्रकाश ओळखणाऱ्या अवयवासाठी. काही सरड्यांत आजही ते असतं, सस्तन प्राण्यांत नाही. बाजूनं बघितलं तर पुढे मोठे, खुंट्यांसारखे पटाशीचे दात, त्यामागे लांब सुळे, आणि त्यांच्यामागे एकदम लहान लहान दातांची रांग. पुढचे दात इतके मोठे आणि मागचे इतके किरकोळ, हे प्रमाण पहिल्यांदा पाहणाऱ्याला चुकल्यासारखंच वाटतं.

त्याच्या खाण्यावर मी लांबण लावत नाही. पुढचे दात ओढून तोडायला, मागचे फार काही चावायला नाहीत, आणि पोट पिंपासारखं. बहुतेक वनस्पतीच खात असणार, ओल्या जागेतल्या फर्न, अश्वपुच्छ वगैरे. गवत आणि फुलझाडं तेव्हा जगात नव्हतीच. सुळ्यांवरून काही जण त्याला मिश्राहारी ठरवतात. आज पाणघोड्यालाही भले मोठे सुळे असतात आणि ते मुख्यतः भांडणासाठी असतात, त्यामुळे नुसत्या सुळ्यांवरून मांसाहार ठरवणं मला पटत नाही.

आता शिंगं. पहिली गोष्ट, ही शिंगं म्हणजे हाडाचे उंचवटे आहेत. गाईच्या शिंगात हाडाच्या खुंटावर केराटिनचं, म्हणजे नखं ज्याची बनतात त्या पदार्थाचं आवरण असतं, हरणाचं शिंग हाडाचंच पण दरवर्षी गळणारं, जिराफाची शिंगं कातडीनं झाकलेली. आमच्या हाती हाडाचा खुंट येतो, आवरण बहुतेक वेळा येत नाही. दिव्याचा प्रकाश तिरपा टाकून हाडाचा पृष्ठभाग पाहिला तर रक्तवाहिन्यांचे बारीक खोबे, खडबडीतपणा, भोकं दिसतात, आणि आजच्या प्राण्यांशी तुलना करून वर केराटिन होतं की कातडी याचा अंदाज बांधता येतो. एस्टेमेनोसुकसचं आवरण टिकलेलं नाही. म्हणून चित्रात खुंटाच्या पुढे आणखी हातभर टोकदार शिंग काढलेलं असेल तर ते टोक चित्रकाराचं आहे, जीवाश्माचं नाही.

शिंगं कशासाठी याची नेहमीची उत्तरं तीन: शत्रूपासून बचाव, आपसात झुंज, आणि दिखावा. बचावाचं उत्तर लोकांना सगळ्यात आधी सुचतं आणि मला ते सगळ्यात कच्चं वाटतं. शिकारी प्राणी सहसा मोठ्या भक्ष्याच्या शिंगांवर चाल करून येत नाही, तो बाजूनं किंवा मागून, पोटाकडे, पायांकडे, मानेकडे येतो. युरालेन्सिसची शिंगं वर आणि बाजूला आहेत, पुढे भोसकण्याच्या दिशेला नाहीत. बचाव हाच हेतू असता तर गालावरचे जाड बोथट गोळे समजावून सांगणं अवघड जातं. प्रसंगी बचावाला उपयोग झाला असेल, यात वाद नाही. पण उपयोग होणं वेगळं आणि त्यासाठीच घडणं वेगळं.

झुंजीचं उत्तर जास्त भक्कम आहे, आणि त्याचं कारण एस्टेमेनोसुकसच्या दक्षिण आफ्रिकेतल्या नातेवाइकात आहे. डायनोसेफॅलिया गटात कवटीची हाडं फुगल्यासारखी जाड होण्याची प्रवृत्ती सर्रास दिसते. मॉस्कॉप्स या आफ्रिकी नातेवाइकात ती टोकाला गेली, माथ्याचं हाड सुमारे १० सेंटिमीटर जाड. हर्बर्ट बार्गह्यूजेन यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं की हे प्राणी डोक्याला डोकं भिडवून झुंजत. पुढे फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या सिंक्रोट्रॉनमध्ये, म्हणजे अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रात, मॉस्कॉप्सच्या कवटीचं आतून चित्रण झालं आणि २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मेंदू आणि आतला कान दाट हाडात खोल दडवलेले आढळले. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांवरून प्राणी डोकं नेहमी कसं धरायचा तेही काढता येतं, आणि ते तोंड खाली, माथा पुढे असंच निघालं. टक्कर घेणाऱ्या प्राण्याचं डोकं जसं हवं तसं.

एस्टेमेनोसुकसलाही हेच लागू करायचं का? इथे मी थोडा थांबतो. त्याची कवटीही जाड आहे, पण तिचा आकार घुमटासारखा नाही. वेगानं धावत येऊन आदळायला गुळगुळीत, फुगीर माथा लागतो. फांद्या फुटलेली शिंगं घेऊन तसं करणारा प्राणी पहिल्याच धडकेत टोकं मोडून घेईल. त्यामुळे मला शक्यता दिसते ती संथ झुंजीची: समोरासमोर उभं राहायचं, डोकी एकमेकांत अडकवायची आणि ढकलायचं, जो मागे हटला तो हरला. गालांवरचे गोळे अशा झुंजीत प्रतिस्पर्ध्याचं डोकं सरकू न देण्याच्या कामी येतील. एवढं वजनदार धूड ढकलाढकलीला योग्यच, पळत येऊन धडकायला मात्र नाही.

आणि दिखावा. यासाठीचा सगळ्यात बोलका पुरावा मला दोन जातींतला फरक वाटतो. दोन्ही एकाच प्रदेशातल्या, अंगाची ठेवण जवळपास एक, पण शिंगांचा आकार ठळकपणे वेगळा. केवळ बचावासाठी किंवा केवळ ढकलण्यासाठी शिंगं असतील तर दोन्ही जातींत एकच, सोयीचा आकार पक्का व्हायला हवा होता. आपलं कोण, परकं कोण हे लांबून ओळखू यावं, किंवा जोडीदारानं निवडावं, अशा कामासाठी आकार जातीजातीत भरकटतात. हरणांत, काळविटांत आज हेच दिसतं. अंग कसंही सारखं असलं तरी शिंगांवरून जात ओळखू येते.

यात एक गुंता आहे. ओच्योरच्याच परिसरातून चुदिनोव यांनी आणखीही काही प्रकार वेगळ्या नावांनी वर्णन केले होते. त्यांतल्या अ‍ॅनोप्लोसुकसच्या नावातच निःशस्त्रपणा आहे, एस्टेमेनोसुकससारखी शिंगं त्याला नाहीत. नंतर काही अभ्यासकांनी तो एस्टेमेनोसुकसमध्येच धरला. तसं असेल तर बिनशिंगी म्हणजे मादी किंवा कमी वयाचा प्राणी, हा अर्थ लगेच डोळ्यांपुढे येतो, आणि दिखाव्याच्या मताला मोठाच आधार मिळतो. पण मोजक्या कवट्यांवर नर-मादी ठरवणं हा आमच्या शास्त्रातला जुना रोग आहे. वाढीचा फरक, जातीचा फरक, दगडाच्या दाबानं झालेला चेपटेपणा, या तिन्हींचं सोंग सारखंच दिसू शकतं. गाळाखाली कोट्यवधी वर्षं पडलेली कवटी एका बाजूला कलते, रुंद होते, शिंग आत दबतं. आधी डावी-उजवी बाजू जुळते का ते बघायचं, मग जीवशास्त्राकडे वळायचं, हा क्रम मोडला की नावं वाढत जातात.

या घराण्यात शिंगं एकदाच उगवली असंही नाही, आणि मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दक्षिण आफ्रिकेतला स्टायराकोसेफॅलस वरवर पाहता एस्टेमेनोसुकसचा जुळा भाऊ वाटेल, पण त्याची शिंगं कवटीच्या मागच्या कोपऱ्यातल्या हाडांची आहेत आणि मागे वळलेली आहेत. एस्टेमेनोसुकसची कपाळाच्या हाडांची, वर गेलेली. हाडंच वेगळी, म्हणजे वारसाही वेगळा. बर्नेशिया आणि रशियातला प्रोबर्नेशिया हे तर थेरॅप्सिडांच्या अगदी दुसऱ्याच शाखेतले, त्यांच्या डोळ्यांवर आणि माथ्यावर गाठी आणि उंचवटे. सस्तन प्राण्यांच्या आणखी जवळच्या थेरोसेफॅलिया गटात कोरोसॉरस आहे, त्याच्या वरच्या जबड्यावर आणि खालच्या जबड्यावर गाठी आहेत. २०१६ मध्ये त्याच्या आतल्या रचनेचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा त्या गाठी जोरदार टकरीपेक्षा दिखाव्यासाठी किंवा हलक्या ढुशांसाठी असाव्यात असं अभ्यासकांनी मांडलं. वेगवेगळ्या शाखा, वेगवेगळी हाडं, पण पुन्हा पुन्हा डोकंच सजतं. एकाच संकटानं सगळ्यांना एकच उपाय शिकवला असं मानण्यापेक्षा, या प्राण्यांचं आपसातलं वागणं गुंतागुंतीचं होतं, डोक्यावरून एकमेकांना जोखण्याची रीत डायनोसॉरांच्या आधीच आपल्या घराण्यात रुळली होती, असं मानणं मला जास्त सरळ वाटतं. मघाशी कळपाच्या बाबतीत डोक्याकडे बघा म्हणालो ते यासाठी.

शिंगांवरून आठवलं, टेट्रासेराटॉप्सविषयीही लोक विचारतात, कारण त्याला 'सर्वांत जुना थेरॅप्सिड' म्हणून फार प्रसिद्धी मिळाली. टेक्सासमधून आलेली एकच कवटी, जेमतेम ९ सेंटिमीटर लांब, एस्टेमेनोसुकसपेक्षा काहीशी जुनी. विल्यम डिलर मॅथ्यू यांनी १९०८ मध्ये तिचं वर्णन केलं आणि चार शिंगं मोजून नाव ठेवलं: दोन तोंडाच्या अगदी टोकाशी, दोन डोळ्यांच्या पुढे. खालच्या जबड्याच्या मागच्या कोपऱ्यावर आणखी एक जोडी आहे हे नंतर उमगलं, म्हणजे शिंगं सहा. १९९० मध्ये मिशेल लॉरीन आणि रॉबर्ट राइझ यांनी तो सर्वांत जुना थेरॅप्सिड असल्याचं मांडलं. तसं असेल तर थेरॅप्सिडांच्या आरंभीच्या इतिहासातली मोठी पोकळी भरून निघते. पुढे शंका आल्या, २०११ मध्ये पुन्हा समर्थन झालं, आणि २०२० मध्ये फ्रेडरिक श्पिंडलर यांनी कवटीचा नव्यानं अभ्यास करून तो थेरॅप्सिड नाहीच असं म्हटलं. मी श्पिंडलर यांच्या बाजूला झुकतो. एकुलती एक, चेपलेली, हाडांच्या कडा नीट न दिसणारी कवटी आणि तिच्यावर अख्ख्या गटाचा उगम टांगायचा, हे ओझं तिला पेलणारं नाही.

केस आणि कातडी. चुदिनोव यांनी १९६८ मध्ये एस्टेमेनोसुकसच्या कातडीच्या अवशेषांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांच्या मते कातडी गुळगुळीत होती, खवले नाहीत, केस नाहीत, आणि ग्रंथी भरपूर. गुळगुळीत कातडीची चित्रं तिथूनच आली. खवले नसणं महत्त्वाचं आहे, कारण आपल्या घराण्यानं सरड्यासारख्या खवल्यांतून केस घडवले नसावेत, या विचाराशी ते जुळतं. ग्रंथींचा मुद्दाही मोठा, कारण घाम आणि दूध दोन्ही कातडीतल्या ग्रंथींचीच करामत. पण २६ कोटी वर्षांपूर्वीच्या कातडीत पेशींच्या पातळीवरची रचना ओळखणं हा मोठा दावा आहे, आणि एका अभ्यासावर मी दुधापर्यंतची कहाणी रचणार नाही. दुसऱ्या बाजूचा आधार अलीकडे मिळाला: २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या दोन लिस्ट्रोसॉरसांची वाळून मगच गाडली गेलेली कातडी प्रसिद्ध झाली, ती चिवट आणि बारीक खळग्यांची, केसांविना. लिस्ट्रोसॉरस थेरॅप्सिडच, पण वेगळ्या शाखेचा आणि नंतरच्या काळातला.

केसांच्या बाजूनं पुरावा आहे तो रशियातल्याच व्याझ्निकीचा, पर्मियनच्या अखेरचा. तिथल्या अश्मीभूत विष्ठेत केसांसारख्या रचना सापडल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. ती विष्ठा कुणाची आणि त्यानं खाल्लं कुणाला, हे नुसतं विष्ठेवरून ठरत नाही. निर्विवाद केस दिसतात ते फार पुढे, ज्युरासिकमध्ये, सुमारे १६.४ कोटी वर्षांपूर्वीच्या चिनी कास्टोरोकाउडात, सस्तन प्राण्यांच्या अगदी जवळच्या नातेवाइकात. त्यामुळे एस्टेमेनोसुकसला दाट लोकर घालणारं चित्र मी बाजूला ठेवेन. मिशांचे दोन-चार राठ केस काढले तर भांडणार नाही, पण तोही अंदाजच.

पूर्वज का नाही, हे आता पटकन सांगता येईल. डायनोसेफॅलिया ही थेरॅप्सिडांच्या झाडाची एक वेगळी फांदी. सस्तन प्राणी ज्या फांदीतून आले ती सायनोडॉन्टांची, तिचे जुने सदस्य पर्मियनच्या उत्तरार्धात दिसतात आणि ते लहानखुरे होते. एस्टेमेनोसुकसच्या अंगात आपल्याला हवी ती पुढची चिन्हं, म्हणजे अनेक टोकांच्या दाढा, नाकाची वाट तोंडापासून वेगळी करणारं दुय्यम टाळू, खालच्या जबड्यातलं मोठं होत गेलेलं दात धरणारं हाड, यांतलं काही घडताना दिसत नाही. तो आपल्याच एका जुन्या पणज्याच्या भावंडांच्या वंशातला. ही गोष्ट कमीपणाची नाही. तो पूर्वज नाही म्हणूनच उपयोगी आहे, कारण आपल्या फांदीत जे नाही ते घराण्यात शक्य होतं, हे त्याच्यामुळे कळतं.

त्याचं घराणं टिकलं मात्र नाही. एस्टेमेनोसुकस आणि त्याचे सख्खे नातेवाईक रशियातल्या मध्य पर्मियनपुरतेच माहीत आहेत. सगळाच डायनोसेफॅलिया गट सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वी, मध्य पर्मियनच्या अखेरच्या संहारात संपला. दक्षिण आफ्रिकेतल्या कारू प्रदेशातल्या राखेच्या थरांचं वय काढून ही तारीख चांगली बांधून दिली गेली आहे. कारण म्हणून आजच्या चीनमधल्या एमेइशान ज्वालामुखींकडे बोट दाखवलं जातं. काळ जुळतो, पण लाव्हा चीनमध्ये आणि प्राणी आफ्रिकेत मेले कसे, यातले दुवे सांगताना भलेभले सावध होतात. मोठ्या अंगाचे, वनस्पतींवर जगणारे अनेक प्राणी या संहारात गेले, एवढं मात्र खडकात स्पष्ट आहे. पर्मियनचा जो शेवटचा, सर्वांत मोठा संहार सगळ्यांना ठाऊक असतो, त्यापर्यंत हे प्राणी पोचलेच नाहीत.

प्रत्यक्ष पाहायचा असेल तर मॉस्कोच्या ऑर्लोव पुराजीवशास्त्र संग्रहालयात युरालेन्सिसचा उभा केलेला सांगाडा आहे. कुठल्याही संग्रहालयात असा सांगाडा बघताना शिंगांच्या टोकांकडे आणि बरगड्यांकडे लक्ष द्या. रंग एकदम सपाट, एकसारखा झाला आणि हाडावरच्या बारीक भेगा थांबल्या की तिथून पुढे बहुधा भर घातलेली असते. फोटोवरून शिंगाची लांबी मोजायला निघालेल्यांनी ही रेषा आधी शोधावी. आणि जमलं तर दोन्ही जातींच्या कवट्यांचे समोरून घेतलेले फोटो शेजारी ठेवून बघा. बाजूनं घेतलेल्या फोटोंत गालावरचे गोळे निम्मे हरवतात, आणि माझं शिंगांबद्दलचं मत पटो न पटो, ते तपासायला लागणारा अर्धा पुरावा त्या गालांवरच आहे.